शिवून ठेवलेला मदरबोर्ड

मी भाव केल्याशिवाय काही विकत घेत नाही. नंदिगड्ड्याच्या पुढं, जंगलात, आमची सात घरांची वाडी आहे. तिथं मी ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवते. अस्तर, दोरे, हुक आणायला महिन्यातून एकदा बेळगावला जाते, आणि चार दुकानं पालथी घातल्याशिवाय दोऱ्याचं साधं रीळसुद्धा उचलत नाही. रामनगरच्या बाजारातली कांदेवाली मला लांबून बघूनच म्हणते, "आली बघा, आता माझा दिवस खाणार ही." मला त्याचा राग यायचा नाही, उलट ताठ मानेनं मी पिशवी पुढं करायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्या ह्याच गुणामुळं झालं.

माझा एक धाकटा भाऊ होता. मी त्याला तम्मा म्हणायचे, तो मला अक्का. त्याचे पाय लहानपणीच थकायला लागले. आधी चढणीवर, मग सपाटीवर, मग उंबऱ्याशीच. बाराव्या वर्षी तो खुर्चीत बसला तो बसलाच. बेळगावच्या डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला आणि हेही सांगितलं की तो पायांवर थांबत नाही, पुढं हातांत येतो. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, विचारलं, कधी? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे अजून खूप वेळ आहे, असा अर्थ आम्ही घरी येईपर्यंत लावून टाकला होता. आम्हाला तोच परवडणार होता.

एकोणिसाव्या वर्षी तम्माच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. त्याला ट्रक चालवायचा होता. कॉम्प्युटरवर असा एक खेळ असतो: माल भरायचा, एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा, वाटेत घाट, पाऊस, टोलनाके, डिझेल भरणं, सगळं खऱ्यासारखं. चालता येत होतं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक लॉरीच्या ड्रायव्हरला हात करायचा. बहुतेक जण त्यालाही हात करायचे. ते त्याच्या मनात राहिलं असणार.

"फोनवर खेळ की," मी म्हटलं.

"फोन उचलून धराय लागतो, अक्का. खांदं भरून येत्यात. कीबोर्डाला निस्ती बोटं लागत्यात." त्यानं मला दहाही बोटं हलवून दाखवली. "ही हायत अजून."

म्हणजे काय करायचं होतं ते पहिल्या दिवसापासून उघड होतं. बोटं आहेत तोवर कॉम्प्युटर घरात यायला हवा होता. मला कुणी फसवलं नव्हतं, कुणी काही लपवलं नव्हतं.

आमच्या वाडीत फोनला रेंज येत नाही. वरच्या वळणावर किंदळीचं एक झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की येते. तिथं कायम कुणी ना कुणी फोन कानाला लावून उभं असतं, लोक त्या झाडाला बूथ म्हणतात. तम्मा मला व्हिडिओंची नावं लिहून द्यायचा, मी संध्याकाळी झाडाखाली उभी राहून ते फोनमध्ये उतरवून आणायचे आणि तो ते दिवसभर बघायचा. दोन महिन्यांत तो असा तयार झाला की अप्पांना समजावून सांगू लागला. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे सगळं ज्याच्यावर बसतं ती पाटी. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, म्हणून खेळायच्या कॉम्प्युटरात खरा पैसा तिथं घालायचा. आणि प्रत्येक जिन्नस दुसऱ्याला चालतो का ते आधी बघायचं.

त्यानं वहीच्या एका पानावर यादी लिहिली. अक्षर मोठं, उजवीकडं कललेलं. प्रत्येक भागापुढं पूर्ण नाव, नंबर. ती यादी फार चांगली होती, हे मला आता कळतं. त्यात एक पैसा दिखाव्याचा नव्हता. "दिवं लागत्यात तसला डबा नगं. साधा बघ, वारा खेळता पायजे. पैसा कार्डात घाल. पॉवर सप्लाय मातर स्वस्तातला आणू नगं, आपला करंट तुला ठावं हाय." आमच्याकडं वीज झाडांमधून येते आणि झाडांच्या मर्जीनं जाते. पंखा कधी जोरात फिरतो, कधी रांगतो. त्याचाही त्यानं विचार केला होता.

सगळं एकदम घेणं शक्य नव्हतं. मग एकेक घ्यायचं ठरलं, आणि इथं अप्पा मध्ये पडले. त्यांना कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं, पण एकेक जमवणं मात्र कळत होतं. आमच्याकडं घर बांधायचं म्हणजे आठ-दहा वर्षं लाकूड जमवतात. एका वर्षी परवानगी काढून आपल्या जागेतला फणस पाडायचा, एका वर्षी कुणाचं जुनं घर उतरलं तर त्याचे वासे आणायचे. सगळं पडवीत रचून, झाकून ठेवायचं आणि हात लावायचा नाही. पुरतं जमलं की मग सुताराला बोलवायचं. अर्धवट जमलेलं लाकूड उघडून बसलं तर घर पुरं होत नाही, असं आमची माणसं मानतात. अप्पांनी आमचं घर तसंच उभं केलं होतं.

"सगळं जमल्याबिगर एक बी खोकं फोडायचं न्हाई," त्यांनी सांगून टाकलं.

मला ते पटलं. आणलेला प्रत्येक खोका मी उरल्यासुरल्या अस्तराच्या कापडात घालून चारही बाजूंनी शिवायचे आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे. बियाणं, कोकम, जे जे ओल लागून बिघडतं ते आम्ही तिथंच ठेवतो. तम्मा खुर्चीतून वर बघायचा. आधी कॅबिनेटचा डबा आणि पॉवर सप्लाय आले. मग प्रोसेसर. तिन्ही अगदी यादीतले.

मदरबोर्ड घ्यायला गेले तेव्हा चैत्र लागला होता. बेळगावच्या ज्या दुकानात मी जायचे त्या दुकानदारानं यादी बघितली आणि म्हणाला, हा आहे, पण त्याच कंपनीचा दुसरा देतो, दोन हजारानं स्वस्त. मी विचारलं, "ह्यो प्रोसेसर बसंल न्हवं?" तो म्हणाला, "कंपनी तीच आहे." मला 'बसेल' असं ऐकू आलं. त्यानं ते म्हटलं नव्हतं. मी त्याच्याशी आणखी अर्धा तास घासाघीस करून वर दोनशे कमी करून घेतले. परतीच्या बसमध्ये मी इतकी खूश होते की शेजारच्या बाईला शेंगदाणे दिले. वाचलेले पैसे कार्डात घालायचे, यादीतल्यापेक्षा वरचं कार्ड आणायचं आणि मगच तम्माला सांगायचं, असा माझा बेत होता.

"यादीतलाच न्हवं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"व्हय तर."

"खोकं दाखव."

मी तोवर तो शिवून टाकला होता. बसमधून उतरल्यावर, घरात यायच्या आधी शेजारणीच्या ओटीवर बसून, बारीक टाके घालून. म्हटलं, अप्पा रागावतील.

"बरं, नंबर तरी वाचून दाखव. कापडातनं उलीसं बघ."

मी स्टुलावर चढले, माळ्यावर वाकले, आणि त्याच्या यादीतला नंबर, जो मला पाठ झाला होता, मोठ्यानं म्हणून दाखवला. तो म्हणाला, "अड्डी न्हाई." म्हणजे हरकत नाही, जमलं. आणि त्यानं यादीवर बरोबरची खूण केली.

पुढं पावसात बस बंद-चालू राहिली, कार्डाचा भाव उतरेल म्हणून मी गणपती होऊन जाईपर्यंत थांबले. उतरला. यादीतल्यापेक्षा वरचं कार्ड मी आणलं. दिवाळीच्या आधी मेमरी, डिस्क, कीबोर्ड आणि शेवटी स्क्रीन आला आणि अप्पा म्हणाले, चला, जमलं. आईनं खोक्यांना हळद-कुंकू लावलं. मी ब्लेडनं टाके उसवले. तम्मा खुर्ची टेबलाला लावून बसला होता, सांगणारा तो आणि बसवणारे आम्ही.

मदरबोर्डाचा खोका बाहेर आला आणि त्यानं नंबर वाचला. मग यादीवरच्या खुणेकडं बघितलं. "बसवून तर बघू," मी म्हटलं. अप्पांनी प्रोसेसर दोन बोटांत धरून त्या जागेवर ठेवला. जागा चौकोनी, प्रोसेसर लांबट. तो बसतच नव्हता. अप्पांनी फिरवून बघितलं, उलटा धरून बघितलं. मग सवयीनं त्यांचा अंगठा काठावरून फिरला, कुठं तासता येईल ते चाचपत.

"अप्पा, ह्यात तासणं न्हाई," तम्मा म्हणाला.

आमच्या घरात सगळं आणल्यावर बसवतात. लाकूड जाड झालं तर तासायला वाकस आहे. कापड कमी पडलं तर मी पट्टी जोडते. बसणारच नाही अशी वस्तू आम्ही कधी घेतलीच नव्हती. कंपनी तीच होती, बोर्ड एक पिढी मागचा होता, एवढंच. मी खरं काय झालं ते सांगितलं, नंबर कुठून वाचला तेही. आई माझ्यावर ओरडली. तम्मा म्हणाला, "चूक माजी हाय. मी उठून बघाय पायजे हुतं." आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही.

इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून होईल, असं मला लोक सांगतात. मीही मानते. पण पुढचं जे आहे ते मी कुणाला सांगत नाही.

माझ्याजवळ पैसे होते. दिवाळी आणि पुढच्या लग्नसराईचे ब्लाउज शिवून डब्यात पुरेसे साठले होते. दुसऱ्या दिवशी बेळगावला जाऊन यादीतला बोर्ड आणता आला असता. मी गेले, पण भांडायला गेले. दुकानदार म्हणाला, बिल कितीतरी महिन्यांपूर्वीचं आहे, आता परत घेता येत नाही. मी दुकानात आवाज चढवला, गिऱ्हाइकं बघायला लागली. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी हट्टाला पेटले. हा बोर्ड विकून त्याचे पुरते पैसे वसूल केल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. जोयड्यात विचारलं, दांडेलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्याला विचारलं, फोनवर जाहिरात टाकली. एकानं अर्धी किंमत सांगितली. अर्धी! मी काय चोरून आणलाय?

"अक्का, ऱ्हाऊ दे त्यो," तम्मा म्हणायचा. "यादीतला घेऊन ये की."

"आणि ह्यो फुकट सोडू? गिऱ्हाईक मिळंल. घाई कसली हाय? बोर्ड काय पळून चाललाय?"

हे मी एकदा म्हटलं नाही. मार्गशीर्षात म्हटलं, पौषात म्हटलं, आणि माघात म्हटलं.

त्याच महिन्यांत एक दिवस आई त्याचे शर्ट घेऊन माझ्या मशीनपाशी आली. "बटनं लागंनात त्येला," म्हणाली. मी सगळी बटणं काढली आणि टिचबटणं लावली. पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा आली. टिचबटण दाबायलाही जोर लागतो. मग मी गळे कापून मोठे केले, पुढची पट्टी शिवून बंद केली, डोक्यातून घालायचे शर्ट केले. सहाच्या सहा. चांगले झाले म्हणून स्वतःवर खूशही झाले. माझ्या हातात त्याचा शर्ट होता, कात्री होती, मनगटाचं माप मी स्वतः घेतलं होतं. आणि त्याच संध्याकाळी मी किंदळीखाली उभी राहून कुणाशी तरी पाचशे रुपयांवरून हुज्जत घालत होते. मला कळत नव्हतं असं नाही. मी तिकडं बघत नव्हते.

मग एका सकाळी मी त्याच्यासमोरून जात होते. फोन उशीला टेकवून ठेवलेला, व्हिडिओ थांबलेला. तो म्हणाला, "अक्का, उलीसं बोट फिरव." मी बोट फिरवलं, पुढचा व्हिडिओ लागला. मी तिथंच उभी राहिले. मग आत गेले, डब्यातले पैसे घेतले आणि तीच साडी नेसून रस्त्यावर जाऊन बसची वाट बघत बसले. बेळगावात त्याच दुकानदारानं किंमत सांगितली आणि मी मोजून दिली. जन्मात पहिल्यांदा. त्यालाच चुकल्यासारखं झालं. "काही कमी करू का बाई?" म्हणाला. मी पिशवी उचलून चालू लागले.

यादीतला बोर्ड बसला. प्रोसेसर त्याच्या जागेवर ठेवला आणि कुणाला दाबावं लागलं नाही. एक दुपार लागली. तम्मा सांगत होता, ही तार इथं, तो स्क्रू आता नको, कार्ड सरळ धरा, आणि अप्पा पितळी समई पुसावी इतक्या हळुवारपणे एकेक बसवत होते. पंखा फिरला. स्क्रीनवर उजेड आला. आईनं हात जोडले. खेळ मी आधीच किंदळीखाली तीन दिवस बसून उतरवून आणला होता. निळा ट्रक समोर उभा राहिला आणि तम्माचा चेहरा असा झाला की मला वाटलं, वेळेत झालं.

पुढं जायचं बटण नुसतं दाबून भागत नाही. ते दाबून धरावं लागतं.

त्याचं बोट मी बटणावर ठेवलं. त्यानं दाबलं. ट्रक हातभर पुढं गेला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा हातभर. मी त्याच्या बोटावर माझं बोट ठेवायला गेले तर म्हणाला, थांब. त्यानं अजून पाच-सहा वेळा दाबून बघितलं. कपाळावर घाम आला. ट्रक गॅरेजच्या दारातून बाहेर पडला नाही. मग तो मागं टेकला. "गाडी बेस हाय," म्हणाला. "डायवर बाद हाय."

मी बाहेर गेले आणि गोठ्यामागं जाऊन रडले. परत आले तर त्यानं मला शेजारी खुर्ची घ्यायला लावली. "तू हाण, अक्का. मी सांगतो."

मला सायकलसुद्धा येत नाही. पहिल्याच दिवशी मी टोलनाका पाडला. तम्मा इतका हसला की ठसका लागला आणि आईनं दोघांनाही शिव्या दिल्या. मग रोज दुपारी, शिलाई बाजूला ठेवून, मी ट्रक चालवायचे आणि तो सांगायचा. डावीकडं घे. आरसा बघ. घाट हाय, दम धर. मागं येताना आधी उलट्या बाजूला वळीव. सगळे रस्ते त्याला पाठ होते, महिनोन् महिने बघितलेले. एकदा म्हणाला, "तुज्या हातात गाडी दिली तर मालक दिवाळं काढंल." एकदा माझ्या बोटांकडं बघत राहिला. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

असे पाच महिने मिळाले. श्रावणात त्याला सर्दी झाली, छातीत उतरली, आणि आठवड्याच्या आत तो गेला. एकवीस वर्षांचा होता. ज्या बोटांसाठी तो कॉम्प्युटर आणायचा होता ती बोटं त्या कॉम्प्युटरवर हातभर ट्रक पुढं नेऊ शकली. मी हट्ट धरला नसता तर त्याला तीन महिने स्वतः चालवता आलं असतं. दिवाळीला त्याची बोटं बटणं लावत होती. हा हिशेब मला करता येतो आणि तो रोज होतो.

गेल्या महिन्यात किंदळीखाली फोन वाजला. रामनगरचा कुणी माणूस होता. त्याला माझी जुनी जाहिरात सापडली होती. त्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि नेमका तोच, एक पिढी मागचा बोर्ड हवा होता, जो आता दुकानात मिळत नाही. मी धावत घरी गेले. माळ्यावरून बोर्ड काढला. दिवाळीनंतर मी तो पुन्हा शिवून ठेवला होता, नवा दिसावा म्हणून, गिऱ्हाइकासाठी. टाके उसवायला घेतले तर सुटेनात. किती बारीक घातले होते मी! नंबर वाचला, तोच होता. वळणावर परत जाऊन फोन लावला.

"हाय," मी म्हटलं. "नवा हाय, वापरलेला न्हाई. आज दुपारच्या बसनं घेऊन येते. तुम्ही स्टँडवर या."

"आज नको," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी बघू. किंमत काय?"

"तुम्ही म्हणशीला ती. पर आजच घ्या. कुणी वाट बघत असंल घरात तर—"

मग त्याचा आवाज बदलला. मी कांदेवालीशी बोलताना माझा जसा होतो तसा. एवढ्या घाईनं, म्हणेल त्या किमतीला कुणी माल काढतंय म्हणजे माल खराब असणार, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

"बघतो, चार ठिकाणी विचारतो आणि सांगतो," तो म्हणाला. "घाई कसली हाय, बाई? बोर्ड काय पळून चाललाय?"

मी फोन बंद केला. बोर्ड मांडीवर घेऊन बराच वेळ झाडाखाली बसले. त्याचा फोन पुन्हा आलेला नाही.